बीजदोष आणि कुलवृत्त : स्तन व बीजांडकोशाच्या आनुवंशिक कर्करोगाचा अभ्यास

रुग्णवृत्त

या अभ्यासलेखाचा आरंभ प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेल्या एका चुकीने करीत आहे. रुग्णाची ओळख पटू नये एवढ्यापुरते तपशील बदलले आहेत.

२०१४ सालच्या पावसाळ्यात अभोण्याच्या बाजूच्या एका पाड्यावरील ४६ वर्षे वयाची स्त्री कळवण येथील चिकित्सालयात आली. पोट फुगणे, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटणे, वारंवार मूत्रप्रवृत्ती व अंगात निरुत्साह, अशा तिच्या तक्रारी होत्या. द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीकडे मजुरीस जाणारी ही बाई त्या वर्षी जाऊ शकली नव्हती. उदर हे निदान करून पुनर्नवाष्टक क्वाथ, आरोग्यवर्धिनी, दुग्धाहार व मृदू विरेचन अशी योजना केली. पोटाचा घेर काही दिवस कमी झाला. तिला बरे वाटले, आणि मलाही समाधान वाटले. दोन महिन्यांनी घेर पुन्हा वाढला, तेव्हा सोनोग्राफीसाठी नाशिकला पाठविले. दोन्ही बीजांडकोशांत गाठी व उदरात द्रव असल्याचे आढळले. पुढील वर्षी ती दगावली.

खरी चूक मात्र मला सहा वर्षांनी उमगली. तिची ३४ वर्षांची मुलगी स्तनातील गाठ दाखविण्यास आली. त्या दिवशी मी प्रथमच घरातील इतर स्त्रियांविषयी विचारले. "आजी पोट फुगून गेली, मोठ्या मावशीची छातीची गाठ फुटली होती," असे तिने सहज सांगितले. ही माहिती २०१४ मध्येही त्या घरात होती, पण मी ती विचारली नाही. विचारली असती तर आईचे आयुष्य वाढले असते असे म्हणण्याचे धाडस करीत नाही. परंतु मुलीची गाठ सुपारीएवढी होईपर्यंत थांबावे लागले नसते, हे निश्चित.

शास्त्राची भूमिका

बीजदोषाचा विचार आपल्या शास्त्रास नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात चोविसाव्या अध्यायात व्याधींचे सात प्रकार वर्णिले असून त्यांतील पहिला प्रकार आदिबलप्रवृत्त व्याधींचा आहे. शुक्र-शोणिताच्या दोषामुळे होणारे हे व्याधी मातृज व पितृज असे द्विविध मानले आहेत. हे 'पितृज' पद आपण लक्षात ठेवावे, पुढे त्याचे प्रयोजन आहे.

चरकाचार्यांनी शारीरस्थानातील खुड्डिका गर्भावक्रांती अध्यायात याहून सूक्ष्म विचार मांडला आहे. माता-पित्यांत वैगुण्य असूनही सर्व अपत्यांत ते का उतरत नाही, या शंकेचे समाधान करताना ते सांगतात की, ज्या अवयवाचा बीजभाग उपतप्त असतो त्याच अवयवात विकृती उत्पन्न होते. तो भाग उपतप्त नसेल तर होत नाही. चौथ्या अध्यायात बीज, बीजभाग व बीजभागावयव असा भेदही केला आहे. प्रमेहाच्या संदर्भात कुलज विकारांचे असाध्यत्व सांगितले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बीजभागावयव म्हणजेच जनुक, असे समीकरण मांडून टाळ्या मिळविता येतात. परंतु त्यामुळे शास्त्राचाही सन्मान होत नाही व रुग्णाचेही हित होत नाही. दोन्ही विचारांची दिशा एक आहे, इतके म्हणणे पुरेसे व प्रामाणिक आहे. पूर्वाचार्यांनी कुलाचा विचार करण्यास सांगितले होते. आपण कार्यबाहुल्यात तो सोडून दिला, हा खरा मुद्दा होय.

आधुनिक संशोधनाचा मागोवा

फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्ये आपल्या पत्नीच्या घराण्यातील अनेक पिढ्यांत आढळलेल्या स्तन कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. पुढे या विचारास प्रयोगशाळेत नेण्याच्या कार्यात एका मराठी स्त्रीचा मोठा वाटा आहे, हे आपल्यापैकी अनेकांस ठाऊक नसेल. डॉ. कमल रणदिवे (१९१७-२००१) यांचा जन्म पुण्यातील समर्थ कुटुंबात झाला. हुजूरपागा व फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्या मुंबईस आल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. संपादन केली. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील अनुभव घेऊन परतल्यावर परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या निरनिराळ्या वंशांत स्तनाचे अर्बुद का होते, याचा अभ्यास करताना आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी तपासला. स्तन कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध असावा, हा विचार भारतात प्रथम मांडणाऱ्यांत त्यांची गणना होते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. उत्तरायुष्यात त्यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या पोषणाचे काम केले. आपल्या डोंगरपट्ट्याच्या शेजारीच ही विदुषी पायी हिंडली होती, ही आपणांस अभिमानाची बाब आहे.

मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये आनुवंशिक स्तन कर्करोगाचा संबंध सतराव्या गुणसूत्राशी असल्याचे दाखविले. १९९४ मध्ये बीआरसीए-१ हे जनुक, तर १९९५ मध्ये तेराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए-२ हे जनुक हाती लागले. काही वर्षे या जनुकांवर एका अमेरिकन कंपनीने एकस्व सांगितले होते. निसर्गतः असलेल्या जनुकावर कोणाचीही मालकी असू शकत नाही, असा निर्णय २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यानंतर तपासणी अनेक प्रयोगशाळांत होऊ लागली व तिचा खर्चही उतरला.

जनुकांचे कार्य व धोक्याचे प्रमाण

बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही जनुके प्रत्येक स्त्री-पुरुषाच्या शरीरात असतात. पेशीतील डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यास त्यांची बिनचूक दुरुस्ती करणे हे त्यांचे कार्य. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक मातेकडून, एक पित्याकडून. एक प्रत जन्मतःच सदोष असेल तरी दुसरी काम निभावते. आयुष्यात एखाद्या पेशीतील ती दुसरी प्रतही निकामी झाली, तर दुरुस्ती थांबते व अर्बुदाचा मार्ग मोकळा होतो. म्हणजे वारशाने व्याधी येत नाही. व्याधीची प्रवणता येते. हा भेद रुग्णास समजावून सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

सदोष प्रत असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, ती मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्यासाठी नात्यातील विवाह कारणीभूत असावा लागत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी अहवालानुसार भारतात ७४ वर्षे वयापर्यंत सुमारे २९ स्त्रियांपैकी एकीस स्तन कर्करोग होण्याचा संभव असतो. सदोष जनुक असलेल्या कुटुंबांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ८० वर्षे वयापर्यंतचा धोका पुढीलप्रमाणे आढळला :

• बीआरसीए-१ : स्तन कर्करोग सुमारे ७२ टक्के, बीजांडकोशाचा कर्करोग सुमारे ४४ टक्के.
• बीआरसीए-२ : स्तन कर्करोग सुमारे ६९ टक्के, बीजांडकोशाचा कर्करोग सुमारे १७ टक्के.

हा अभ्यास प्रामुख्याने पाश्चात्त्य कुटुंबांचा आहे, हे ध्यानात ठेवावे. पुरुषांतही, विशेषतः बीआरसीए-२ दोषात, स्तन व अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाचा धोका वाढतो. स्तन कर्करोगाच्या सर्व रुग्णांत असे आनुवंशिक रुग्ण केवळ ५ ते १० टक्के असतात. त्यामुळे प्रत्येक गाठीमागे बीजदोष शोधू नये. तथापि कुटुंबाचा इतिहास वा कमी वय यांसारख्या कारणांनी निवडलेल्या १०१० भारतीय रुग्णांच्या २०१८ मधील अभ्यासात सुमारे ३० टक्क्यांत सदोष जनुक आढळले. योग्य रुग्ण निवडल्यास तपासणी किती उपयुक्त ठरते, हे यावरून दिसते. ही निवड कुलवृत्तावरून होते.

कुलवृत्त कसे घ्यावे

आपल्या भागात "घरात कोणाला कॅन्सर होता का?" असा प्रश्न विचारल्यास बहुधा "नाही" असेच उत्तर येते. ते खोटे नसते. कारण त्या मृत्यूंस घरात कोणीही हे नाव दिलेले नसते. म्हणून प्रश्न बदलावा.

१) लक्षणांच्या भाषेत विचारावे. "कोणी पोट फुगून, पोटात पाणी होऊन गेले का? कोणाच्या छातीची गाठ फुटली, वास येत होता असे झाले का? कोणाचे स्तन वा 'पिशवी' काढली का?" आपल्या तालुक्यातील घराघरांत बीजांडकोशाचा कर्करोग हा 'पोटफुगी' वा 'करणी' या नावाने स्मरणात असतो.

२) वय विचारावे. जन्मसाल कोणास आठवत नाही; पण "धाकटा मुलगा केवढा होता, लेकीचे लग्न झाले होते का?" यावरून वयाचा अंदाज येतो. पन्नाशीच्या आतील मृत्यू विशेष महत्त्वाचे.

३) तीन पिढ्या व दोन्ही बाजू घ्याव्यात. आई, मावशी, आजी यांच्याबरोबरच आत्या, वडिलांची आई व चुलत बहिणी यांचीही विचारपूस करावी. "बाईचा आजार बाईकडूनच येतो" ही समजूत रुग्णांत आहे, आणि आपल्यातही आहे. येथे सुश्रुताचार्यांचे 'पितृज' पद आठवावे. पित्यास काहीही न होता त्याच्याकडून दोष मुलीकडे जाऊ शकतो. ज्या घरात पित्यास बहिणी नाहीत, तेथे हा दोष पिढीभर लपून राहतो.

४) माहेरची माणसे गाठावीत. विवाहानंतर स्त्री दुसऱ्या गावी जाते आणि तिच्या आजाराचा इतिहास दोन घरांत विभागला जातो. सोबत आलेल्या सासूस किंवा पतीस तो ठाऊक नसतो. रुग्णास सांगावे की, आठवडे बाजारात, लग्नकार्यात किंवा सप्तशृंगी गडावरील चैत्राच्या यात्रेत माहेरची माणसे भेटतील तेव्हा आजी-मावश्यांविषयी विचारून घ्यावे व पुढील भेटीत सांगावे.

५) चित्र काढून ठेवावे. पुरुषास चौकोन, स्त्रीस वर्तुळ, रोगग्रस्तास काळे भरलेले चिन्ह, मृतास तिरपी रेघ. रुग्णपत्रिकेच्या मागील बाजूस दहा मिनिटांत ही वंशावळ तयार होते. कागदावर मांडली की जे कानांनी ऐकून लक्षात येत नाही, ते डोळ्यांना दिसते.

हे प्रश्न एकांतात विचारावेत. प्रतीक्षागृहात दहा माणसांसमोर विचारलेल्या एका प्रश्नामुळे घरातील उपवर मुलीचे लग्न मोडू शकते.

कोणास पुढे पाठवावे

पुढीलपैकी एकही बाब आढळल्यास रुग्णास जनुकीय समुपदेशनासाठी पाठवावे :

• पन्नाशीच्या आत झालेला स्तन कर्करोग. दोन्ही स्तनांत झालेला कर्करोग.
• तीनही ग्राहके ऋण असलेला स्तन कर्करोग. ऊतिपरीक्षण अहवालात ईआर, पीआर व हर-२ या तिन्हींपुढे ऋण लिहिलेले असते.
• बीजांडकोशाचा वा बीजवाहिनीचा कर्करोग, कोणत्याही वयात.
• पुरुषास झालेला स्तन कर्करोग.
• एकाच बाजूच्या दोन वा अधिक नातलगांत स्तन, बीजांडकोश, स्वादुपिंड किंवा पसरलेला अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग.
• कुटुंबातील एखाद्यात सदोष जनुक आधीच सिद्ध झालेले असणे.

मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात कर्करोगाच्या आनुवंशिकतेसाठी स्वतंत्र चिकित्सा विभाग असून खारघर येथील त्याच्या संस्थेत यासंबंधीचे संशोधनही चालते. कळवणच्या रुग्णाने प्रथम उपजिल्हा रुग्णालयामार्फत नाशिकच्या कर्करोगतज्ज्ञाकडे जाणे अधिक सोयीचे. कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. जनुकीय तपासणीचा खर्च त्यात बसतो किंवा कसे, याची चौकशी संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे अगोदरच करावी.

तपासणी व तिचा अर्थ

तपासणी रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावर होते. ती कोणाची प्रथम करावी, हा महत्त्वाचा प्रश्न आहे. कुटुंबात हयात असलेल्या रोगग्रस्त व्यक्तीची तपासणी प्रथम करावी, निरोगी मुलीची नव्हे. रोगग्रस्त व्यक्तीत दोष नेमका कोठे आहे हे सापडले, तर इतरांत तेवढेच स्थान तपासावे लागते व खर्चही कमी येतो. निष्कर्ष तीन प्रकारचे संभवतात.

दोष आढळला : धोका वाढलेला आहे. रोग झालेला आहे असा याचा अर्थ नाही.

दोष आढळला नाही : कुटुंबातील ज्ञात दोष या व्यक्तीत नसेल, तर तिचा धोका सर्वसामान्य स्त्रीइतकाच. परंतु कुटुंबातील रोगग्रस्त व्यक्तीची तपासणीच झालेली नसेल, तर एकट्या निरोगी मुलीच्या 'दोष नाही' या अहवालावर निश्चिंत होऊ नये.

अनिश्चित अर्थाचा बदल : जनुकात फरक आहे, पण तो घातक की निरुपद्रवी हे आज सांगता येत नाही. अशा अहवालावरून कोणतीही शस्त्रक्रिया करू नये.

अठरा वर्षांखालील मुलींची ही तपासणी करू नये. प्रौढ झाल्यावर जाणून घ्यावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार तिचा आहे. अहवाल सासरी वा माहेरी कोणास सांगावा, हेही तिनेच ठरवावे.

दोष आढळल्यास पुढे काय

बीआरसीए दोष असलेल्या स्त्रीस पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचे एमआरआय व तिशीपासून त्याच्या जोडीस मॅमोग्राफी सुचविली जाते. बीजांडकोशाबाबत मात्र अशी विश्वासार्ह चाळणी उपलब्ध नाही. ब्रिटनमध्ये सर्वसामान्य धोक्याच्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सीए-१२५ व सोनोग्राफी यांच्या नियमित तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून अपत्यप्राप्ती पूर्ण झाल्यावर बीजवाहिन्या व बीजांडकोश काढणे हाच परिणामकारक उपाय मानतात. बीआरसीए-१ मध्ये साधारण ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ या वयात. स्तन काढण्याची शस्त्रक्रिया हा पर्याय आहे, सक्ती नाही. रोग झालेल्या रुग्णांत ओलापॅरिबसारख्या औषधांची निवडही याच तपासणीवरून होते.

हाताने केलेल्या स्तनपरीक्षणाचे मोल आपल्याच राज्यात सिद्ध झाले आहे. मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांवर टाटा स्मारक केंद्राने वीस वर्षे अभ्यास केला. दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या परीक्षणाने पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत स्तन कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही. आनुवंशिक कर्करोग बहुधा याच वयात होतो. तेव्हा स्त्री परिचारिकेच्या उपस्थितीत परीक्षण अवश्य करावे. परंतु सदोष कुलवृत्त असलेल्या तरुणीस "हाताला काही लागत नाही" एवढ्यावर परत पाठवू नये.

आपली मर्यादा व आपले स्थान

बीजातील हा दोष कोणत्याही औषधाने, रसायनाने वा शोधनाने नाहीसा होत नाही. हे स्पष्ट शब्दांत सांगावे. अग्निबल, निद्रा, शस्त्रक्रियेनंतरचे बलसंवर्धन व मनोधैर्य यांसाठी आपला उपयोग आहे. तोही कर्करोगतज्ज्ञास कळवून करावा.

जलोदराविषयी विशेष सूचना. चाळिशीपुढील स्त्रीत नव्याने झालेली पोटफुगी, लवकर तृप्ती, ओटीपोटात दुखणे व वारंवार मूत्रप्रवृत्ती ही लक्षणे दोन-तीन आठवडे टिकल्यास विरेचनापूर्वी सोनोग्राफी करावी. आपल्या भागात उदराचा क्षयही आढळतो आणि त्यातही सीए-१२५ वाढते. केवळ त्या आकड्यावरून कर्करोग ठरवू नये, तसेच पुराव्याविना क्षयाचे औषधही चालू करू नये.

रुग्ण पुढे पाठविण्यात कमीपणा मानू नये. पक्व गुल्माचे वर्णन करताना स्वतः चरकाचार्यांनी तेथे धान्वंतरीयांचा, म्हणजे शल्यतज्ज्ञांचा, अधिकार मान्य केला आहे.

औषधालयचालकांसाठी

अनेक स्त्रिया वैद्याकडे येण्यापूर्वी दुकानात येतात. स्तनातील गाठीसाठी कांचनार गुग्गुळ वा लेप, आणि पोटफुगीसाठी हिंग्वाष्टक चूर्ण वा शंखवटी महिनोन्महिने नेणारी स्त्री आपल्याला चेहऱ्याने ठाऊक असते. तिसऱ्यांदा तेच औषध मागितल्यास "बाई, तपासून घेतलेत का?" एवढे हळू आवाजात विचारावे. 'कर्करोगावर रामबाण' अशी पाटी वा पत्रक दुकानात लावू नये. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत कर्करोगाचा समावेश असून अशी जाहिरात गुन्हा आहे.

उपसंहार

आरंभी सांगितलेल्या कुटुंबात पुढे त्या मुलीची तपासणी झाली व बीआरसीए-१ मध्ये दोष आढळला. तिच्यावर उपचार होऊन ती आज आपल्या शेतात काम करते. तिच्या थोरल्या बहिणीतही तोच दोष निघाला. दोन अपत्ये असलेल्या त्या बाईने विचारपूर्वक बीजांडकोश काढून घेतले. धाकट्या भावाने मात्र अद्याप तपासणी केलेली नाही. "मला काय होणार?" असे तो म्हणतो. त्याला दोन मुली आहेत. तो कांदा घेऊन बाजारात येतो तेव्हा चिकित्सालयातही डोकावतो. मी प्रत्येक वेळी वंशावळीचा तो कागद त्याच्यासमोर ठेवतो, आग्रह न करता.

स्वाध्याय : वाचकांनी आपल्या नोंदवहीतील स्तनग्रंथी वा जलोदराच्या मागील पाच स्त्री रुग्णांची पत्रे काढावीत, आणि त्यांपैकी किती पत्रांवर आत्या व मावशीचा उल्लेख आहे ते पाहावे. नसल्यास पुढील भेटीत तो करावा.

॥ इत्यलम् ॥